गाणं सुरू करा, गोळी बंद करू नका

आमच्या संगीतोपचार केंद्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "डिप्रेशनवर कोणता राग चालतो?" काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ताच पाठवतात. झोपेला हा राग, रक्तदाबाला तो, चिंतेला तिसरा, रोज वीस मिनिटं. "तेवढी फाइल पाठवा, पैसे लगेच टाकतो," असंही सांगतात. आम्ही फाइल पाठवत नाही. का पाठवत नाही, हे दर वेळी फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

रागाला स्वभाव असतो, वेळ असते, हे आम्ही गुरूंकडे शिकलो आणि आजही मानतो. पण ऐकणाऱ्यालाही त्याचं आयुष्य असतं. भैरवी लागली की बहुतेकांना मैफल भरून पावल्यासारखी वाटते. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंना मात्र भैरवी सुरू झाली की धाप लागायची, कारण वडील गेले त्या पहाटे घरातल्या रेडिओवर भैरवी चालू होती. त्या तक्त्यात या ताई कुठेच नाहीत. म्हणून पहिल्या दोन सेशनमध्ये आम्ही वाजवतो कमी आणि विचारतो जास्त. लहानपणी घरात काय कानावर पडायचं, आजी कुठल्या ओव्या म्हणायची, आळीत भजन असायचं का, आणि कोणतं गाणं लागलं की तुम्ही उठून बंद करता? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून आम्हाला सगळ्यात जास्त कळतं.

त्यानंतर वाजवायचं तुम्ही. टाळ, खंजिरी, हार्मोनियम, डफ, जे हाताशी येईल ते. सुरात यायची अट नाही, गाणं शिकलेलं असण्याची तर नाहीच. आमचा माणूस समोर बसून तुमच्या लयीला लय देतो. जे सांगायला शब्द सापडत नाहीत ते पुष्कळदा हातातून आधी बाहेर येतं, मग त्यावर बोलता येतं.

याला आधार काय, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिप्रेशन असलेले ७९ जण होते. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालू होते आणि त्यातल्या ३३ जणांना त्याशिवाय आठवड्यातून दोनदा, तासाभराची अशी २० संगीतोपचाराची सेशन मिळाली. तीन महिन्यांनी हे ३३ जण बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलेले दिसले. सहा महिन्यांनी तो फरक पुसट झाला होता, हेही आम्ही लपवत नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी डिप्रेशनवरचे ९ अभ्यास, एकूण ४२१ माणसं, एकत्र तपासली. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जोडीला संगीतोपचार असेल तर निदान थोड्या काळासाठी जास्त फायदा होतो, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियावरचे (भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार) १८ अभ्यास तपासून निघालेला निष्कर्षही याच दिशेचा होता, पण सेशनची संख्या पुरेशी हवी आणि काम नीट झालेलं हवं.

यातला "जोडीला" हा शब्द कृपा करून अधोरेखित करा. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो हाच शब्द सुटल्यामुळे.

होतं असं. माणूस डॉक्टरांकडे जातो, गोळ्या सुरू होतात. साधारण त्याच सुमारास कोणीतरी आमचं नाव सांगतं आणि सेशनही सुरू होतात. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आमचंही चौथं-पाचवं सेशन नेमकं तेव्हाच असतं. झोप लागायला लागते, जेवण जातं, चेहरा मोकळा होतो. मग घरात ठरतं की गाण्याने बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला? राग म्हणजे एक गोळीच, असं मनात असलं की दुसरी गोळी जास्तीचीच वाटणार. तक्ता मागणं आणि गोळी सोडणं, आमच्या अनुभवात हे एकाच समजुतीतून येतं.

मागच्या पावसाळ्यात एक काका यायचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) निवृत्त, घरात गप्प, अंघोळीलाही उठायचे नाहीत. सहाव्या सेशनला त्यांनी स्वतःहून डफ उचलला आणि लेझीमचा ठेका धरला. काकू दारात उभ्या राहून रडल्या. त्या आठवड्यात कोणालाही न सांगता काकांनी गोळ्या थांबवल्या. काही दिवसांत चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड सुरू झाली. तीन आठवड्यांनी काका परत भिंतीकडे तोंड करून पडले. मग डॉक्टरांकडे पुन्हा पहिल्यापासून, आमच्याकडेही पहिल्यापासून. गणपती गेले, दिवाळी आली, तेव्हा कुठे ते पुन्हा त्या डफापर्यंत पोचले. गोळ्या बंद केल्याचं आम्हाला दोन दिवसांत कळलं असतं तर आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला असता.

बरं वाटायला लागल्यावरही डिप्रेशनची गोळी सहसा निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आणि सोडायची तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. क्लोनाझेपामसारखी चिंतेवरची, झोपेसाठीची गोळी बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. बायपोलरमध्ये (कधी उन्माद, कधी डिप्रेशन असा आजार) लिथियम हे औषध अचानक थांबवलं तर आजार जोरात उलटण्याचा धोका वाढतो. गोळीने सुस्ती येते, वजन वाढतं, हात थरथरतात, या तक्रारी खऱ्या आहेत. त्या आम्हाला सांगा, आम्ही लिहून देतो, तो कागद डॉक्टरांना दाखवा. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते. गप्प बसून सोडू नका एवढंच मागणं आहे.

म्हणून आमचा एक नियम आहे आणि त्यावर लोक नाराज होतात. आजारासाठी उपचार चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय आम्ही सेशन सुरू करत नाही, आणि दर महिन्याला ताजी चिठ्ठी मागतो. "गाण्याच्या क्लासला चिठ्ठी कशाला?" असं ऐकून घ्यावं लागतं. हा क्लास नाही. आम्ही डॉक्टर नाही आणि तसं भासवतही नाही. पण डॉक्टरांना तुम्ही महिन्यातून दहा-पंधरा मिनिटं दिसता, आम्हाला दर आठवड्याला पाऊण तास. परवापर्यंत ठेका धरणारा हात आज अडखळतोय, किंवा नेहमी संथ वाजवणारा माणूस आज थांबतच नाहीये, हे आधी आमच्या लक्षात येतं. तुमच्या लेखी परवानगीने आम्ही ते डॉक्टरांना कळवतो. ही देखरेख फीमध्येच धरलेली आहे, वेगळे पैसे नाहीत.

बायपोलर असलेल्यांच्या घरच्यांना एक खास विनंती. तुटलेली झोप हे उन्मादाचा (मन आणि शरीर अति वेगाने धावण्याचा) झटका येण्याचं ओळखीचं कारण आहे. रात्रभर चालणारं भजन, जागरण-गोंधळ, गणपतीतले रात्रीचे ढोल, मन कितीही ओढ घेत असलं तरी या माणसाने वेळेवर झोपायला जावं. आमच्याकडेही अशांची सेशन संध्याकाळी सातनंतर ठेवत नाही आणि जलद ठेके जपून वापरतो.

योगासनं, चित्रं, नृत्य, बागकाम यांबद्दलही विचारणा होते. करा, आवडीने करा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनियासाठी औषधांच्या जोडीला योग, यावर बरंच काम झालं आहे. नियम तोच, गोळीच्या जोडीला. फक्त पोटात घ्यायच्या वस्तूंबाबत सावध राहा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती "नैसर्गिक" म्हणून ऑनलाइन मिळते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतली तर शरीरात सिरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अश्वगंधाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. तिने सुस्ती वाढू शकते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो आणि काही जणांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

घरी काय ऐकू, असं विचाराल तर ओळखीचं, संथ आणि झेपेल तेवढंच. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः गुणगुणणं. लांब सुरात उच्छ्वास लांबतो आणि श्वास संथ होतो. इटलीत झालेल्या आणि २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. आपल्याकडच्या ओव्या, आरत्या, हरिपाठ म्हणणाऱ्यांना हे अंगाने माहीतच आहे.

पहिल्या भेटीला या तेव्हा चालू असलेली चिठ्ठी, आधीच्या गोळ्यांची यादी (आयुर्वेदिक, होमिओपॅथी, सगळं) आणि घरातलं एखादं जुनं वाद्य असेल तर ते, तुटकं असलं तरी, घेऊन या. सोबत एक जण यावा, पण सेशनच्या खोलीत तो शेवटची दहा मिनिटंच बसेल. एकट्याचं सेशन पाऊण तासाचं, ७०० रुपये. शनिवारचं गटसेशन दीड तासाचं, २५० रुपये. निदान बारा सेशनची तयारी ठेवा. आधी एक करून पाहायचं असेल तर शनिवारी गटात येऊन बसा, त्या दिवसाचे पैसे घेत नाही. परदेशी असलेल्या मुलांना आई-बाबांसाठी वेळ ठरवायची असेल तर भारतीय वेळेप्रमाणे सकाळी दहाच्या आत फोन करावा.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आमच्याकडे नंतर या, तुमची जागा आम्ही धरून ठेवतो.