स्थानिक कर आणि किमान वेतन : मराठवाडा

मराठवाड्यातील महानगरपालिका, नगरपरिषदा व ग्रामपंचायती वसूल करीत असलेले कर आणि राज्य शासनाने ठरविलेले किमान वेतनदर यांच्या संबंधातून जे राजकारण घडत आले, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. कर बसविण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला राज्याच्या कायद्यातूनच मिळतो, तर किमान वेतनाचा दर राज्याचा कामगार विभाग अधिसूचनेने जाहीर करतो. शहराला स्वतःचा वेतनदर ठरविता येत नाही. परंतु ‘स्थानिक प्राधिकरणाखालील रोजगार’ ही बाब किमान वेतन कायदा, १९४८ च्या अनुसूचीत प्रारंभापासून होती, त्यामुळे सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचे मजूर, दिवाबत्ती कर्मचारी यांना ठरलेला दर देण्याचे बंधन स्थानिक संस्थेवर आले, आणि त्यासाठीचा पैसा तिला आपल्या वसुलीतून किंवा शासनाच्या अनुदानातून उभा करावा लागतो. या विभागातील बहुतेक वाद या रचनेतून निघालेले आहेत.

मराठवाड्यातील शहरी जकातीचा उगम कोठे शोधावा याविषयी एकवाक्यता नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात आयात-निर्यातीवरील शुल्क ‘करोडगिरी’ या खात्यामार्फत घेतले जाई. ईस्ट इंडिया कंपनीशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने या शुल्काचा दर मालाच्या किमतीच्या ५ टक्के असा निश्चित झाला होता. संस्थानातल्या संस्थानात जागोजागी घेतली जाणारी राहदारी (मालाच्या वाहतुकीवरील शुल्क) मात्र निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारभारसुधारणांत, म्हणजे साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात, बंद करण्यात आली असे मानले जाते. एका मांडणीनुसार करोडगिरीच्या नाक्यांचेच रूपांतर पुढे नगरपालिकांच्या जकात नाक्यांत झाले. पेठांच्या वेशीवर माल अडवून पावती फाडण्याची पद्धत दोन्हींत सारखीच होती, हा तिचा मुख्य आधार आहे. दुसऱ्या मांडणीनुसार जकात ही मुंबई इलाख्यातील नगरपालिकांकडून राज्यपुनर्रचनेनंतर आलेली व्यवस्था होय.

वसुलीची पद्धत सारखी असली तरी पैसा कोणाच्या तिजोरीत जात होता हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. करोडगिरीचे उत्पन्न सरकारचे होते. शहराचा त्यावर हक्क नव्हता. स्थानिक कामांसाठी संस्थानात वेगळी तरतूद होती, ती जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा या प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या लोकल फंडाची, आणि तिचा भार शेतसाऱ्यावर होता, व्यापारावर नव्हता. त्यामुळे दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. मात्र हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९५६ हा राज्यपुनर्रचनेपूर्वीचा दुवाही विचारात घ्यावा लागतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा हाच अधिनियम येथे चालू होता. महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ ने त्याच्यासह मुंबई व वऱ्हाडकडील जुने कायदे रद्द केले आणि राज्यभर एकच चौकट आणली.

जकात हे पुढील तीन दशके नगरपालिकांचे प्रमुख उत्पन्न राहिले. शहरातून केवळ पुढे जाणाऱ्या मालालाही नाक्यावर अनामत भरून पास घ्यावा लागे आणि बाहेर पडण्याच्या नाक्यावर ती परत मिळे; मालमोटारींच्या रांगा आणि नाक्यावरील तोडपाणी यांविषयीची व्यापाऱ्यांची तक्रार मुख्यतः या व्यवहाराविषयी होती. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) महानगरपालिका डिसेंबर १९८२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच दशकात वाळूजचे औद्योगिक क्षेत्र तिच्या हद्दीबाहेर वाढले. चिकलठाण्याचे कारखाने हद्दीत आणि वाळूजचे बाहेर, या स्थितीमुळे मोठ्या उद्योगांचा बराचसा कच्चा माल शहराच्या जकातीतून सुटला, कामगारांची वस्ती मात्र शहरावर पडली.

नगरपरिषदांची जकात १ जुलै १९९९ पासून रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांची जकात चालू राहिली. २०१० नंतर महानगरपालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर टप्प्याटप्प्याने आला. हा कर नाक्यावर नव्हे, तर व्यापाऱ्याच्या हिशेबवह्यांवरून घ्यावयाचा होता. लातूर व परभणी येथे त्याचे स्वरूप वेगळे झाले. या दोन्ही शहरांत १९९९ पासून जकात नव्हती. २०११ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाल्यावर स्थानिक संस्था कर लागू झाला, म्हणजे अन्य शहरांत जुन्या कराच्या जागी नवा आला तर येथे कर नसलेल्या ठिकाणी तो नव्याने आला. दर्जावाढीची मागणी करणाऱ्या पुढाऱ्यांना आणि आडत बाजारातील व्यापाऱ्यांना एकाच वेळी सांभाळणे त्यामुळे अवघड झाले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना या करातून वगळण्यात आले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तो संपुष्टात आला. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराचा अधिकारच, वगळला. भरपाईसाठी केलेल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीची तरतूद आहे. ५० कोटींखालील उलाढालींची वसुली गळाल्यानंतरचे वर्ष पायाभूत धरले गेल्याने ज्या शहरांचे उत्पन्न त्या वर्षी कमी होते, त्यांना तो कमीपणा पुढेही भोगावा लागतो.

उरलेल्या करांत मालमत्ता कर व पाणीपट्टी मुख्य. मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर यांच्याबरोबर शिक्षण कर व रोजगार हमी कर अशा ओळी असतात. शेवटच्या दोन रकमा महानगरपालिका वसूल करते, पण त्या राज्याच्या असतात. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते आणि निवडणुकीच्या आसपास ‘अभय योजना’ काढून ती माफ करण्याची प्रथा रूढ आहे. नियमित भरणाऱ्याला याचा काय लाभ, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत दरवेळी विचारला जातो. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत ठेवण्याच्या अटीमुळे कायम पदे भरली जात नाहीत, कामे गुत्तेदारांमार्फत (कंत्राटदारांमार्फत) होतात आणि किमान वेतनाचा वाद मग महानगरपालिका व गुत्तेदार यांच्यामध्ये अडकतो.

करवसुली व वेतन यांची सर्वांत उघड जोडणी ग्रामपंचायतींत दिसते. ग्रामपंचायत शिपाई, पाणी सोडणारा व लिपिक यांच्या किमान वेतनाचा काही भाग शासन देते, उरलेला ग्रामपंचायतीने द्यायचा असतो. शासनाच्या २०२० च्या निर्णयाने हा वाटा घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीच्या टक्केवारीशी बांधला. खरीप हातचा गेला की गावात पट्टी वसूल होत नाही. वसुली नाही म्हणून अनुदान कमी, आणि वसुलीला दारोदार फिरणाऱ्या शिपायाचाच पगार कापला जातो. ही वसुलीची अट रद्द करावी, ही ग्रामपंचायत कर्मचारी संघटनांची मुख्य मागणी राहिली आहे.

किमान वेतन कायदा मार्च १९४८ मधील. हैदराबाद संस्थान तेव्हा भारतात विलीन झालेले नव्हते, त्यामुळे मराठवाड्यात तो प्रत्यक्षात पन्नाशीच्या दशकात कधीतरी लागू झाला असावा. राज्याच्या अधिसूचनांत मूळ वेतन परिमंडळनिहाय ठरते. अनेक उद्योगांसाठी महानगरपालिका क्षेत्र पहिल्या, मोठ्या नगरपरिषदा दुसऱ्या आणि उरलेला भाग तिसऱ्या परिमंडळात अशी वाटणी असते. त्यावर ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जानेवारी व जुलैपासून विशेष भत्ता बदलतो. शहराचा दर्जा बदलला की परिमंडळ बदलते व दुकानातील नोकराचा हक्काचा दर वाढतो, ही गोष्ट जालन्याला २०२३ मध्ये महानगरपालिका होताना झालेल्या चर्चेत क्वचितच आली. तेव्हा भर होता तो घरपट्टी वाढेल या भीतीवर.

रोजगार हमी योजनेत शहरी कर आणि ग्रामीण मजुरी यांचा उलट दिशेचा संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो लोक खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर होते. वि. स. पागे यांनी आखलेल्या या योजनेचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे मुख्यतः मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून कापलेला पैसा मराठवाड्यातील हजेरीपटावर जाई. मजुरी कामाच्या मोजमापावर होती. सरासरी माणसाने नेटाने काम केल्यास शेतमजुरीचा किमान दर पडावा अशी दरसूची बेतलेली होती, परंतु मुरूम कठीण लागला की हिशेब कोसळे. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय प्रकरणात दुष्काळी कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही असा निर्णय दिला. १९८८ मध्ये शेतमजुरीचे किमान दर वाढल्यावर रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर कामांवरील उपस्थिती घटली. शासनाने कामेच कमी काढली, हा अर्थतज्ज्ञांचा अर्थ येथे स्वीकारार्ह वाटतो, कारण मजुरी वाढल्यावर मागणी आपोआप ओसरण्याचे कारण नव्हते.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला आहे. संहितेत केंद्राने ठरविलेल्या किमान पातळीखाली राज्याला जाता येत नाही. शेतीतील सालगड्याचे साल मात्र आजही गुढीपाडव्याला, रोख रक्कम, धान्य व कपडे असे बोलून ठरते आणि अधिसूचनेतील दराशी त्याची तुलना क्वचितच केली जाते.

ऊसतोड मजुरांची स्थिती या सर्वांपासून वेगळी आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन निघणाऱ्या कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, दर प्रतिटन असतो व तो साखर संघ आणि संघटना यांच्या वाटाघाटीत, अनेकदा लवादातून, ठरतो. कामगार विभागाच्या अधिसूचनेचा त्यात फारसा भाग नसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये घेण्याचे ठरले. मराठवाड्याचे मजूर दरवर्षी कर्नाटकातही तोडीला जातात. तेथील कारखान्यांच्या गाळपावर ही आकारणी नाही.