मणक्यात सुई आणि लुळे पाय: एक खुलासा

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका कंबर धरूनच उठतात, पण वेदनातज्ज्ञाकडे जायला घाबरतात. "तिथं मणक्यात सुई टोचतात, मग पाय लुळे पडतात," हे वर्षानुवर्षं ऐकलेलं. ही भीती चुकीची आहे.

हे डॉक्टर बहुधा भूलतज्ज्ञ असतात, वेदनेवर पुढचं शिक्षण घेतलेले. आधी ते नीट तपासतात: कळ पायात उतरते का, पायाचा अंगठा वर उचलता येतो का. बहुतेकांना औषध, व्यायाम आणि बसण्यातला बदल पुरतो. नस दाबून पायात कळ जात असेल तर इंजेक्शनचा विचार होतो, तोही एक्स-रेवर पाहत. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई सहसा त्याच्या खाली, नसांच्या आवरणाबाहेर जाते. धोका शून्य नाही, पण गंभीर इजा क्वचितच होते. आराम मात्र काही आठवडे किंवा महिनेच टिकतो, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं.

लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर कुणाच्याही अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी थेट सिव्हिल गाठा.