पॉट्सडॅमची कुजबुज आणि मॉस्कोतलं स्वयंपाकघर

२४ जुलै १९४५. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममधली त्या दिवसाची बैठक आटोपली होती, मंडळी उठून निघायच्या बेतात होती. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन आपल्या दुभाष्याला मागे ठेवून स्टालिनपाशी गेले आणि जाता जाता सांगावं तसं म्हणाले, आमच्या हाती विलक्षण संहारक असं एक नवं अस्त्र आलं आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात त्याची चाचणी होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. स्टालिननी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. आनंद आहे, जपानविरुद्ध त्याचा चांगला उपयोग करा, एवढंच ते बोलले. त्यांना बहुधा अर्थच उमगला नाही, असं पाहणाऱ्यांना वाटलं. अर्थ पुरेपूर उमगला होता. क्लाउस फुक्ससारख्या हेरांमुळे लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेतली बित्तंबातमी मॉस्कोला आधीपासून पोचत होती.

बरोबर चौदा वर्षांनी, २४ जुलै १९५९ रोजी, याच दोन देशांचे दोन पुढारी मॉस्कोतल्या एका नमुना स्वयंपाकघरासमोर उभं राहून कपडे धुण्याच्या यंत्रावरून हमरीतुमरीवर आले. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण जगाचं भवितव्य कोणाच्या मताप्रमाणे घडावं, हे भांडण रणांगणावरून ओट्यापाशी कसं आलं, त्याची कहाणी या दोन तारखांच्या मधे आहे.

भांडण मात्र बॉम्बपेक्षा जुनं. १९१७ च्या क्रांतीनंतर वर्षभरात अमेरिकी सैनिक अर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोक या रशियन बंदरांत उतरले होते. १९१९ मध्ये मॉस्कोत कॉमिंटर्न ही साम्यवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीच मुळी जगभर क्रांती घडवून आणण्यासाठी. सोव्हिएत सरकारला अमेरिकेने अधिकृत मान्यता दिली थेट १९३३ मध्ये. तरीही हे वैर एकसुरी नव्हतं. १९२१ च्या रशियन दुष्काळात हर्बर्ट हूवर यांच्या मदतसंस्थेने ऐन भरात दररोज एक कोटीहून अधिक तोंडांना अन्न पुरवलं. स्टालिननी १९२४ मध्ये रशियन क्रांतीचा आवेग आणि अमेरिकी कार्यक्षमता यांचा मेळ घालायला सांगितलं, आणि पुढे फोर्ड कंपनीशी करार करून मोटारींचा कारखानाही उभारून घेतला. ज्याला गाडायचं त्याच्याकडूनच फावडं विकत घ्यायचं, असा तो मामला होता.

हिटलरने दोघांना एका बाजूला आणलं. अमेरिकेने सोव्हिएत संघाला सुमारे ११०० कोटी डॉलरचं युद्धसाहित्य दिलं. सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावली. अमेरिकेची हानी चार लाखांच्या आसपास. युद्धानंतरचा एकमेकांविषयीचा संशय समजून घ्यायचा तर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. पुन्हा कोणी आपल्यावर चालून येऊ नये म्हणून स्टालिनना पूर्व युरोप मुठीत हवा होता. वॉशिंग्टनला त्यात साम्यवादाचा प्रसार दिसला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, असं मला वाटतं.

१९४६ च्या फेब्रुवारीत मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी एक लांबलचक तार पाठवली: ही राजवट स्वभावतःच विस्तारवादी आहे, तिला चिकाटीने रोखलं पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोव्हिकोव यांनी मॉस्कोला कळवलं की अमेरिकेला जगावर वर्चस्व गाजवायचं आहे. दोन तारा दोन दिशांना गेल्या, निदान मात्र एकच. मार्च १९४७ मध्ये ट्रूमननी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागताना प्रत्येक राष्ट्राला दोन जीवनपद्धतींतून निवड करायची आहे, अशी मांडणी केली. सप्टेंबरात सोव्हिएत नेते झ्दानोव यांनी जगाच्या दोन छावण्या करून टाकल्या, एक साम्राज्यवादी आणि एक लोकशाहीवादी. ‘लोकशाही’ शब्द दोघांनाही हवा होता, ही गंमत नजरेआड करू नये. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपालातिन्स्कला सोव्हिएत बॉम्ब फुटला आणि अमेरिकेची मक्तेदारी चार वर्षांत संपली.

इथून पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत अनेकदा घाईने उरकला जातो, खरी उलथापालथ मात्र तिथेच आहे. साम्राज्यवाद आहे तोवर युद्धं अटळ आहेत, ही लेनिनची शिकवण. स्टालिननी १९५२ मध्येही ती उचलून धरली होती. मार्च १९५४ मध्ये, अमेरिकेने बिकिनी बेटांवर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडला त्याच महिन्यात, स्टालिननंतरचे सोव्हिएत पंतप्रधान मालेन्कोव बोलून गेले की असं युद्ध म्हणजे सगळ्या मानवी संस्कृतीचा अंत. पक्षात गहजब झाला. अंत भांडवलशाहीचा व्हायचा, सगळ्यांचा कसा? मालेन्कोवना शब्द फिरवावे लागले आणि वर्षभरात पंतप्रधानपदही गेलं. त्यांना दूर सारण्यात पुढे असलेल्या पक्षप्रमुख ख्रुश्चेवनीच फेब्रुवारी १९५६ च्या विसाव्या पक्ष अधिवेशनात जाहीर केलं की युद्ध आता अटळ राहिलेलं नाही, शांततामय सहअस्तित्व हाच मार्ग. शास्त्रवचन बॉम्बने बदलायला लावलं. माओंना ते मान्य झालं नाही, आणि चीन-सोव्हिएत फुटीच्या कारणांत हेही एक होतं.

पलीकडेही तेच घडलं. १९५२ च्या निवडणुकीत जॉन फॉस्टर डलेस पूर्व युरोपच्या मुक्तीची भाषा करत होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीचा उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये घुसले तेव्हा परराष्ट्रमंत्री डलेसच होते. अमेरिकेने एकही सैनिक पाठवला नाही. पाठवणं शक्यच नव्हतं.

लढून निकाल लागत नाही म्हटल्यावर उरतं ते दाखवणं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि प्रदर्शनाची पहिली फेरी मॉस्कोने जिंकली. पावणेदोन वर्षांनी, १९५९ च्या उन्हाळ्यात, दोन्ही देशांनी एकमेकांकडे प्रदर्शनं भरवली. मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेने अख्खं घर मांडलं, लोकांना आतून जाता यावं म्हणून मधोमध दुभागलेलं. उपाध्यक्ष निक्सन ख्रुश्चेवना स्वयंपाकघर दाखवत म्हणाले, आमचा पोलाद कामगारही हे चौदा हजार डॉलरचं घर घेऊ शकतो. ख्रुश्चेव कसले ऐकतात! तुमची घरं वीस वर्षांत मोडकळीला येतात, म्हणजे बिल्डरला पुन्हा नवी विकता येतात. आम्ही नातवंडांसाठी बांधतो. आमच्याकडे घर मिळायला जन्माला आलं की पुरे, तुमच्याकडे डॉलर नसेल तर फुटपाथवर झोपा. मग लिंबू पिळायचं यंत्र बघून, घास तोंडात घालून खाली ढकलणारं यंत्रही आहे का, असा टोमणा.

हप्त्यांवर घर घेणाऱ्या आपल्या वाचकाला या संवादात कोणाची बाजू घ्यावी ते चटकन कळणार नाही. पण ख्रुश्चेव एक गोष्ट नकळत हरले होते. मॉस्कोची कितीतरी कुटुंबं तेव्हा सामायिक स्वयंपाकघराच्या बिऱ्हाडांत दाटीवाटीने राहत होती आणि ते स्वतःच घाईघाईने पाचमजली इमारती उभारून घेत होते. क्रांतीने माणूस बदलायचं वचन दिलं होतं. आता फ्रिज कोणाचा मोठा, या मोजपट्टीवर त्यांनी स्वतःच पाय ठेवला. सात वर्षांत तुम्हाला गाठू आणि पुढे जाताना हात हलवू, असं ते बोलून बसले. १९६१ च्या पक्ष कार्यक्रमात तर १९७० पर्यंत दरडोई उत्पादनात अमेरिकेला मागे टाकायचं लेखी ठरलं. तारीख घातलेलं वचन लोक विसरत नाहीत.

या चढाओढीचा हिशेब आपल्याकडेही सापडतो. पवईची आयआयटी १९५८ मध्ये उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर; कानपूरच्या आयआयटीला अमेरिकी विद्यापीठांनी हात दिला. भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांचा, तर १९६९ मध्ये सुरू झालेलं तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकचं. स्टालिनग्राडचा पोवाडा गाणारे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशिया पाहून आले. मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत पोचली. आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आली ती अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिची चव जुनी माणसं अजून तोंड वाकडं करून सांगतात.

क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आलं ते १९६२ मधले तेरा दिवस सर्वांना ठाऊक आहेत. त्यानंतर दोन्ही राजधान्यांत थेट संपर्काची हॉटलाइन आली, १९६३ चा चाचणीबंदी करार झाला, पण अण्वस्त्रांचा ढीग वाढतच गेला. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, जवळजवळ सगळी या दोघांचीच.

शेवटी वादातून माघार घेतली ती एका पक्ष सरचिटणीसाने. डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गोर्बाचेवनी सांगितलं की राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांतून विचारसरणी बाजूला काढली पाहिजे आणि प्रत्येक देशाला निवडीचं स्वातंत्र्य हवं. ट्रूमन १९४७ मध्ये ज्या निवडीबद्दल बोलले होते, तिच्याशी याची तुलना करून पाहावी. तीन वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघच उरला नाही.

बॉम्ब मात्र उरले होते. १९९३ मध्ये दोन्ही देशांनी करार केला आणि पुढची वीस वर्षं रशियाने जुन्या अण्वस्त्रांतलं ५०० टन संपृक्त युरेनियम सौम्य करून अमेरिकी वीजकेंद्रांना विकलं. साधारण वीस हजार बॉम्बचा तो माल. त्या काळात अमेरिकेतल्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा त्याच इंधनातून येत होता, आणि त्या विजेवर तिथल्या स्वयंपाकघरांतले फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं चालत होती.