सुरीचं पाणी जातं म्हणजे नेमकं काय होतं?

थंडी पडली की आमच्या जळगाव-यावलकडे भरीत पार्ट्या सुरू होतात, शेतात कापसाच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, बाजूला भरीत ठेचायची लाकडी बडगी, आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच की सुरी कोणी आणली. मागच्या डिसेंबरला माझ्या बॅगेत होती. कांद्याची पात कापायला घेतली तर कापली जाईना, नुसती चेंगरत होती, आणि आठच दिवसांपूर्वी मी बाजारातून मशीनवर धार लावून आणलेली, पाच मिनिटांत, ठिणग्या उडवत! शेजारच्या शेतातले काका, त्यांच्या घरी पूर्वी लोहारकाम चालायचं, त्यांनी पातं उन्हात धरलं, टोकाजवळचा निळसर पट्टा मला दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, इनं पानी गयं."

लोहार ज्याला पाणी म्हणतात ते समजलं की सुरी निवडणं निम्मं सोपं होतं. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन, सुरीच्या पात्यात साधारण अर्धा ते एक टक्का. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल तापवलं की हा कार्बन लोखंडाच्या अणूंच्या जाळीत विरघळतो, आणि तसंच गरम पातं झटकन तेलात नाहीतर पाण्यात बुडवलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकून बसतो, जाळी ताणली जाते आणि पोलाद प्रचंड कडक होतं. हाच कडकपणा म्हणजे लोहारांचं पाणी, आणि अशा पोलादाला मार्टेन्साइट म्हणतात. पण ते इतकं कडक असतं की पडलं तर काचेसारखं तडकेल, म्हणून पातं परत साधारण २०० अंशांपर्यंत गरम करून किंचित नरम करतात. इथेच थांबायचं असतं. कोरड्या चाकावर दाबून धार लावली की उष्णता त्या पातळ कडेतून लवकर निघत नाही, साध्या कार्बन पोलादावर निळा रंग दिसला म्हणजे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं, कार्बन जाळीतून निसटला आणि तेवढा भाग कायमचा नरम पडला. मग कितीही घासा, धार टिकत नाही. तो निळा भाग पूर्ण घासून काढायचा आणि आतलं चांगलं पोलाद येऊ द्यायचं, एवढाच घरगुती उपाय.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिली सुरी घेताना फार कडक पोलादाच्या मागे लागू नका. कडकपणा रॉकवेल मापात मोजतात, ५६ ते ५८ असेल तर धार दगडावर पटकन येते आणि काडी-लाकडावर तुकडा उडत नाही, ६० च्या पुढे धार जास्त दिवस राहते खरी पण कड तडकू शकते आणि पाजवताना घाम निघतो. पातं आठ-दहा सेंटीमीटर पुरे. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं, घडीची असेल तर लॉक पक्कं हवं, नाहीतर बोटावर मिटते. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरातली-शेतातली हत्यारं सोडून, शस्त्र नियमांच्या यादीत येतात, तेवढं मोठं लागतही नाही. विमानात हँडबॅगेत सुरी चालत नाही.

स्टेनलेस की साधं? केळीच्या बागेत काम असेल तर हा प्रश्न रोजचा आहे. घड कापणाऱ्यांचा कोयता काळा पडलेला बघितला असेल, केळीच्या चिकात टॅनिन असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की जुन्या शाईसारखाच काळा पदार्थ तयार होतो. हा काळेपणा वाईट नाही, वाईट तो लाल गंज, तो पातं खात जातो. स्टेनलेस पात्यात साधारण १३ टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं, त्याचा ऑक्साइडचा अदृश्य थर पात्यावर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने परत भरून येतो. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी असं पोलाद बनवलं. तरी लिंबू, मीठ लागलेलं तसंच ठेवलं तर त्यालाही डाग पडतात.

धार लावायला मशीन नकोच, पाण्यात भिजवलेला दगड घ्या. पातं दगडावर उभं धरा म्हणजे ९० अंश, निम्मं झुकवा ४५, परत निम्मं म्हणजे बावीसच्या आसपास, तोच कोन शेवटपर्यंत. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठा कडेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवला की बारीक खरखर लागते, ती बर, पोलादाची दुमडलेली पापडी. पूर्ण लांबीभर खरखर लागली की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडच्या दिशेने आठ-दहा वेळा ओढा म्हणजे बर निघते. शेतात दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडा चालते, मी तिथेच कपावर करून बघितलं, निळा भाग सोडून बाकीच्या पात्याने पात बऱ्यापैकी कापली.

घरी आलं की पातं धुवा, लगेच पुसा, साध्या पोलादाला खोबरेल तेलाचा हात द्या, सूर्यफुलाचं नको, ते हवेत चिकट होत जातं. आणि चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं, मग पुढच्या हिवाळ्यात सुरी काढाल तेव्हा पात्यावर गंजाचे ठिपके दिसतील.