ऑक्सेंडन: केंटमधलं एक ‘कर’ नसलेलं आडनाव

जून महिना उजाडला की आपल्याकडे तारखेने की तिथीने हा वाद सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग एका इंग्रजाचं नाव सगळीकडे फिरायला लागतं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांच्या दरबारात हजर असलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्सेंडन. कोणी ऑक्झेंडन लिहितं, कोणी ऑक्झिंडन, कोणी ऑक्सिंडेन. आपल्या लेखकांना त्याबद्दल हसण्याचं कारण नाही, कारण त्या घराण्यालाच आपलं आडनाव एका पद्धतीने लिहिता आलेलं नाही. पण हे आडनाव आलं कुठून, इंग्लंडात ते किती लोकांचं आहे, आणि आज ते कुठे सापडतं, हे फारसं कुणी विचारत नाही. गंमत अशी की आज साध्या इंग्रज माणसाला ‘ऑक्सेंडन’ म्हटलं तर त्याला बहुधा काही आठवणार नाही. मराठी शाळेतल्या मुलाला मात्र आठवेल.

आधी अर्थ. ‘ऑक्सेन’ म्हणजे बैल, हे आजच्या इंग्रजीतही तसंच आहे. जुन्या इंग्रजीत ‘ऑक्सेना’ म्हणजे बैलांचं. पुढच्या ‘डेन’चे दोन अर्थ लागतात. एक ‘डेनू’, म्हणजे खोरं. दुसरा ‘डेन’, म्हणजे रानातली चराईची जागा. हा दुसरा शब्द खास इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट परगण्याचा. टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, स्मार्डेन अशी गावांची अख्खी रांग केंटच्या जंगलपट्ट्यात आहे, कारण तिथे लांबलांबच्या गावांची डुकरं पावसाळी शरद ऋतूत ओकची फळं खायला हाकलत नेत. ऑक्सेंडन मंडळींचा मूळ टापू मात्र जंगलात नाही, त्याच्या पूर्वेला चुनखडीच्या उघड्या टेकड्यांमध्ये आहे. तिथे पाणी नसलेल्या लांबट दऱ्या भरपूर. त्यामुळे मला ‘बैलांचं खोरं’ हा अर्थ जास्त पटतो. मध्य इंग्लंडातल्या नॉर्दम्प्टनशरमध्ये ग्रेट ऑक्सेंडन नावाचं एक गाव आहे, पण त्याच्या शेवटी ‘डून’ म्हणजे टेकडी आहे. कानाला सारखं, मुळात वेगळं. आडनावांचा शोध घेणारे नवखे लोक इथे हमखास घसरतात.

म्हणजे हे आपल्या कर-वाल्या आडनावासारखंच झालं. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की लोक त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखतात. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदारांच्या नावापुढे गावाचं नाव लागायला लागलं, मध्ये फ्रेंच ‘द’ घालून. चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक दक्षिण इंग्लंडात अशी नावं बापाकडून मुलाकडे जायला लागली होती. मग तो ‘द’ गळून पडला आणि नुसतं गावाचं नाव उरलं. ‘कर’ काढलेला सावंतवाडीकर समजा. नाव जर मँचेस्टरसारख्या मोठ्या गावाचं असेल तर त्यातून निरनिराळी कुटुंबं निघतात. चार घरांच्या वाडीचं असेल तर एखादंच घराणं निघतं. अशा एका बिंदूवरून उगवलेल्या आडनावाचा नकाशा काढला, म्हणजे १८८१ च्या जनगणनेतली नावं घेऊन परगण्यांवर रंग भरला, तर नकाशावर शाईचा एकच डाग दिसतो. संशोधक बहुधा याच जनगणनेचा आधार घेतात, कारण रेल्वे आणि गिरण्यांनी माणसं हलवली तरी तोवर मूळ जागेचा ठसा पुरता पुसला गेला नव्हता. ऑक्सेंडनचा डाग केंटमध्ये पडतो.

आणि केंटमध्येही एका कोपऱ्यात. चौदाव्या शतकात हे घराणं नॉनिंग्टन गावात दिसतं. पुढे विंगम गावच्या हद्दीतलं डीन नावाचं घर आणि जमीन त्यांच्याकडे आली, आणि एक शाखा बारमला स्थिरावली. नॉनिंग्टन, विंगम, बारम ही तिन्ही गावं कँटरबरीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला, पायी फिरायचं म्हटलं तरी एका लांब दिवसात आटपतील एवढ्या अंतरात आहेत. तीन-चारशे वर्षं हे लोक त्याच टापूत लग्नं करत, जमिनी घेत-विकत, भांडत राहिले. ढालीवरचं चिन्हही नावाशी इमान राखणारं: पांढऱ्या भूमीवर उलट्या ‘व्ही’ आकाराची लाल पट्टी आणि तिच्याभोवती तीन काळे बैल.

विंगमच्या चर्चमध्ये हे बैल दगडात भेटतात. १६८२ साली उभारलेलं घराण्याचं स्मारक तिथे आहे. चार बाजूंना गुबगुबीत देवबाळं, वर फुलाफळांच्या माळा ल्यालेला निमुळता स्तंभ, आणि कोपऱ्यांत काळ्या संगमरवराची बैलांची मुंडकी. नंदीची सवय असलेल्या डोळ्यांना ती ओळखीची वाटतील, फक्त भाव नंदीचा नाही. थोडा वैतागलेला आहे. त्याच चर्चचे खांब दगडाऐवजी चेस्टनटच्या लाकडाचे आहेत. सोळाव्या शतकात चर्च दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करण्याचा परवाना कँटरबरीच्या एका दारू गाळणाऱ्याला मिळाला होता, आणि त्याने पैसे खाल्ले, असं सांगतात. वर्गणीचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता स्पेलिंगची गोष्ट. १५३८ मध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. पण नोंद करणारा पाद्री कानाला पडेल तसं लिहायचा. बारमचा हेन्री ऑक्सिंडन स्वतःला ‘इ’ लावून घ्यायचा, डीनची मंडळी ‘ए’ लावायची. हा बारमचा हेन्री म्हणजे रायगडावरचा नव्हे. तो १६०८ मध्ये जन्मला, लॅटिन कविता करायचा, आणि पत्रं जपून ठेवायचा. ती पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि सतराव्या शतकातल्या खेड्यातल्या जमीनदाराचं घर आतून कसं होतं हे बघायला त्यांच्यासारखं साधन विरळा. बायको वारल्यावर तो केट कलिंग नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. ती शेतकऱ्याची पोर, म्हणजे त्याच्या पायरीच्या खालची. नातेवाइकांनी नाकं मुरडली. त्यावर त्याने कुळापेक्षा गुण मोठा असं पानंच्या पानं समर्थन लिहून काढलं, आणि १६४२ मध्ये लग्न केलं. पुढे कर्जात बुडाला, ते वेगळं.

डीनच्या शाखेला पैशाची वाट सापडली ती सुरतेच्या रस्त्याने. सर जेम्स ऑक्सेंडनचा तिसरा मुलगा जॉर्ज, बाप्तिस्मा विंगमला १६२० मध्ये. वडिलोपार्जित घर थोरल्याकडे जाणार, मग धाकट्यांनी वकिली, चर्च, फौज किंवा व्यापार यांतलं काहीतरी धरायचं. जॉर्ज आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर ईस्ट इंडिया कंपनीत गेले. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये सुरतेत वारला. जॉर्ज सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट झाला, आणि जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा हाच. शहराचा मुघल सुभेदार किल्ल्यात दडून बसला असताना इंग्रजांनी वखारीवर तोफा चढवल्या आणि दरवाजे धरून ठेवले. त्याबद्दल औरंगजेबाने जकातीत सवलत दिली आणि कंपनीने त्याला सोन्याचं पदक. मराठी वाचकाला त्याच्याबद्दल प्रेम वाटायचं कारण नाही. पण हिशेब चोख ठेवणारा माणूस होता हे मान्य करावं लागतं. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट कंपनीला दिलं तेव्हा कंपनीच्या बाजूचा पहिला गव्हर्नरही तोच झाला. १४ जुलै १६६९ ला सुरतेतच गेला.

दोघा भावांची कबर सुरतेत कतारगाम दरवाज्याकडच्या इंग्रजी कबरस्तानात आहे. तिला कबर म्हणणं कमीच पडतं. दुमजली, खांबांवर तोललेली, वर घुमट, लांबून एखाद्या मुघल उमरावाचा मकबरा वाटावा अशी. विंगमच्या खोऱ्यातल्या माणसाला मरताना घुमट हवासा वाटला, यावरून सतराव्या शतकातले हे व्यापारी कुणाच्या तोलामोलाचं दिसू पाहत होते ते कळतं.

रायगडावरचा हेन्री याच घराण्यातला. १६७४ च्या मे महिन्यात तो मुंबईहून निघाला, चौलवरून पाचाडला पोहोचला, तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. पाचाडला थांबावं लागलं. निराजीपंतांशी बोलणी झाली. राजापूरची वखार लुटली त्याची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याचं काम, राज्याभिषेक बघणं हे योगायोगाचं. पण आज त्याचं नाव राहिलं ते त्या योगायोगामुळे. त्याने लिहून ठेवलं: सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर निरनिराळी चिन्हं लावलेली, उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्याच्या टोकावर समतोल असलेला सोन्याचा तराजू. दाराशी छोटे हत्ती आणि शृंगारलेले घोडे उभे. गडाची वाट चढून आलेल्या त्याला प्रश्न पडला, ही जनावरं वर आणली कशी? हा प्रश्न रायगड चढलेल्या प्रत्येकाला पडतो. दुभाषा नारायण शेणवी याने हिऱ्याची अंगठी उंच धरली तेव्हा महाराजांची नजर त्यांच्याकडे गेली आणि त्यांना जवळ बोलावलं.

याच मुक्कामातली एक गोष्ट कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने टिपली आहे, आणि मला ती दरबाराच्या वर्णनाइतकीच आवडते. या इंग्रजांना गडावर रोज मटण लागायचं. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता. या मूठभर लोकांनी थोड्या दिवसांत जेवढं मांस घेतलं तेवढं त्याच्याकडून कित्येक वर्षांत खपलं नव्हतं. हे गिऱ्हाईक दिसतं तरी कसं, म्हणून तो बिचारा एवढा गड चढून त्यांना बघायला आला.

इकडे केंटमध्ये घराणं वर चढत होतं. १६७८ मध्ये डीनच्या सर हेन्रीला बॅरोनेटची वंशपरंपरागत पदवी मिळाली. लंडनमध्ये हेमार्केटजवळच्या एका गल्लीला त्यांचं नाव लागलं, ते आजही आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलचा प्रमुख, सँडविचचा खासदार, अशी पदं येत गेली. अठराव्या शतकात बारमजवळचं ब्रूम पार्क हे डिक्सवेल घराण्याचं लाल विटांचं भव्य घर वारसाने यांच्याकडे आलं. अट अशी की घेणाऱ्याने डिक्सवेल हे नाव लावायचं. इंग्लंडात जमिनीबरोबर आडनाव दत्तक घ्यावं लागणं नवीन नव्हतं. शेवटच्या पिढ्या डिक्सवेल-ऑक्सेंडन असं जोडनाव लावत. ब्रूम पार्कमध्ये जन्मलेला ॲश्टन ऑक्सेंडन केंटमधल्या प्लकलीला वीस वर्षं पाद्री होता आणि १८६९ मध्ये थेट मॉन्ट्रियलचा बिशप झाला. १९११ मध्ये ते घर लॉर्ड किचनरने घेतलं, जो त्याआधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता. १९२४ मध्ये दहावा बॅरोनेट वारला आणि पदवी बुजली.

घराणी अशी का बुजतात यावर फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये गणिती कोडं घातलं होतं, कारण बडी इंग्रज आडनावं भराभर नाहीशी होताना त्याला दिसत होती. हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने ते सोडवायला घेतलं. त्याचं उत्तर अर्धवट चुकलं, पण मूळ मुद्दा खरा आहे: नाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल तर एका पिढीत नुसत्या मुलीच आल्या की खेळ संपतो, मग घराणं कितीही श्रीमंत असो. ज्या आडनावाचा उगमच एका घरातून आहे त्याला दुसरी ओळ नसते. स्मिथला हे भय नाही. ऑक्सेंडनला आहे.

पण ऑक्सेंडनचं एक रूप अनपेक्षित ठिकाणी फोफावलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या रॉबसन परगण्यात, दलदलीच्या लंबर नदीकाठी, लंबी नावाची मूलनिवासी जमात राहते. लॉकलियर, लोरी, चाव्हिस यांच्याबरोबर त्यांच्यात ऑक्सेंडाइन हे आडनाव घरोघरी आहे, आणि ते केंटच्या ऑक्सेंडनचंच बदललेलं रूप मानलं जातं. अठराव्या शतकात व्हर्जिनियातून लोक दक्षिणेकडे सरकले तेव्हा ते इथे आलं. अमेरिकी यादवी युद्धाच्या शेवटी आणि नंतर काही वर्षं हेन्री बेरी लोरी याच्या टोळीने तिथल्या गोऱ्या सत्तेला जेरीस आणलं. त्यांच्या लेखी तो दरोडेखोर, लंबींच्या लेखी वीर. त्या टोळीत ऑक्सेंडाइन होते. हेंडरसन ऑक्सेंडाइनला १८७१ मध्ये लंबर्टनला फाशी दिलं. आणि त्याच परगण्यात लंबींच्या मुलांसाठी १८८७ मध्ये निघालेल्या शाळेचं पुढे पेंब्रोक इथलं विद्यापीठ झालं, आणि १९८९ मध्ये त्याचा प्रमुख म्हणून जो माणूस आला तोही ऑक्सेंडाइन होता, जोसेफ ऑक्सेंडाइन, त्याच मातीतला लंबी. आज हे आडनाव ऐकायचं तर विंगमपेक्षा पेंब्रोकला जावं लागेल. तिथे ते शेवटचं अक्षर लांबवून म्हणतात, आणि खोऱ्याचा ‘डेन’ त्यात ओळखूही येत नाही. बैल मात्र तसेच आहेत.