आयटीआय, अप्रेंटिसशिप आणि जिल्ह्यातल्या उद्योगांची गरज

आपल्या भागातल्या कंपन्यांना आणि वर्कशॉपवाल्यांना ज्या कामाची माणसं लागतात ती तिथल्याच आयटीआयमधून शिकून बाहेर पडावीत आणि पुढचं शिक्षण त्यांनी त्याच कंपन्यांत अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ म्हणून पूर्ण करावं, अशी ही व्यवस्था. ऐकायला सरळ आहे. पण साठेक वर्षांपासून अप्रेंटिसशिपचा कायदा आहे, महाराष्ट्रात, नुसत्या शासकीय आयटीआयच चारशेच्या वर आहेत, आणि तरी एकीकडे कंपनीवाला म्हणतो चांगला माणूस मिळत नाही आणि दुसरीकडे फिटर झालेला पोरगा दुचाकीवर पार्सलं पोचवतो, हे दोन्ही एकाच तालुक्यात एकाच वेळी चालू असतं.

कायदे यायच्या आधी हे काम मेस्त्री लोक करायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्रीच्या हाताखाली पोरगं लागायचं, आधी झाडलोट, मग जॉब घासून साफ करणं, मग मापं घेणं, मग लेथ, आणि काही वर्षांत ते स्वतःच मेस्त्री व्हायचं. गावात ऑइल इंजिनं बनायची म्हणून पोरं तेच शिकायची, गरज आणि शिक्षण वेगळं जुळवायचा प्रश्नच नव्हता. नव्हता तो कागद. सर्टिफिकेट नाही, ठरलेला पगार नाही, आणि गाव सोडलं की या शिक्षणाला कोणी विचारत नाही.

तो कागद सरकारने दिला. १९५० मध्ये क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम आली, त्यातून आयटीआय उभ्या राहिल्या, आणि १९६१ मध्ये अप्रेंटिस कायदा झाला. आधी कोणत्या ट्रेडचे (म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन अशा कामाच्या प्रकारचे) किती अप्रेंटिस घ्यायचे हे सरकारच ठरवायचं, २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल केलं, कंपनीला स्वतःच्या गरजेचा ट्रेड स्वतः आखायची मुभा मिळाली आणि नियम मोडला तर तुरुंगाची जी भीती होती ती जाऊन फक्त दंड राहिला. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. त्याच नियमांनी किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० ठरवला, आयटीआय पासला ७,०००. २०१६ च्या नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममधून यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

खरी गोची ट्रेडमध्ये आहे. आयटीआयच्या ट्रेडची यादी काय असेल, त्यात काय शिकवायचं, कोणती मशीन हवीत हे दिल्लीतून ठरतं, आणि ते तसं असावंही लागतं, नाहीतर नाशिकच्या सर्टिफिकेटला नागपुरात कोण विचारणार. पण एकदा ट्रेड सुरू झाला, मशीन आली, निदेशकाची म्हणजे शिकवणाऱ्याची पोस्ट भरली की तो बंद करणं सगळ्यांच्याच जिवावर येतं, त्यामुळे आजूबाजूचा उद्योग बदलतो आणि आयटीआय आहे तिथेच राहते. जिल्हे तर एकमेकांपासून फार वेगळे आहेत: जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या, इचलकरंजीत यंत्रमाग, छत्रपती संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्यात गाड्या, नागपूरला मिहानमध्ये विमानांची दुरुस्ती. तरी कुठल्याही जिल्ह्यात गेलं तरी पोरांची उडी इलेक्ट्रिशियन आणि फिटरवर. कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात इतक्या फाउंड्री म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत, फाउंड्रीमन नावाचा ट्रेडही आहे, पण उष्णता आणि धुळीत काम करायला गावचं पोरगं तयार नाही म्हणून तिथे उत्तर भारतातून माणसं येतात. याला अभ्यासक्रम काय करणार? पगार आणि कामाची जागा सुधारल्याशिवाय ही जुळवणी होत नाही, आणि ते फक्त मालकाच्या हातात आहे. मालक लोकांच्या बैठकांत हा मुद्दा सहसा निघत नाही, अभ्यासक्रम जुना आहे हा मात्र हमखास निघतो.

अर्थात अभ्यासक्रम जुने होते हेही खरंच. आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल, सोलर टेक्निशियन असे ट्रेड आलेत. पण नवीन ट्रेड शिकवणारा निदेशक स्वतः कधी बॅटरी पॅकला हात लावून आलाय का हे विचारलं पाहिजे, कारण निदेशकाला दर काही वर्षांनी कंपनीत पाठवल्याशिवाय नव्या मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा निघत नाही.

अप्रेंटिसशिपची दुसरी बाजू पोरांना चांगली माहीत असते. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, आणि ट्रेनिंगनंतर त्याला कामावर घ्यायचं बंधन मालकावर नाही, फक्त अशा भरतीबाबत स्वतःचं धोरण ठरवावं एवढं २०१४ नंतर आलं. त्यामुळे काही ठिकाणी वर्षभर एकाच स्टेशनवर एकच बोल्ट आवळायला लावतात, वर्ष संपलं की नवी बॅच. असा पोरगा अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळवतो, पण हातात कसब तेच एक. कंपनीची गरज भागली की जिल्ह्याची भागली असं धरून चालत नाही, ते यामुळे.

याला उपाय म्हणून ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग आली, जर्मनीच्या धर्तीवर, काही महिने आयटीआयत आणि काही महिने करार केलेल्या कंपनीत. संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम याच्याही पुढे जातं, तिथे उद्योगांची खरी टूलिंगची म्हणजे साचे, डाय बनवायची कामं होतात आणि त्याच आवारात पोरं शिकतात. जर्मनीत मात्र कंपनीतल्या शिक्षणावरची देखरेख उद्योगांच्या चेंबरकडे म्हणजे संघटनांकडे असते आणि परीक्षाही त्याच घेतात. इंग्लंडने २०२२ च्या कायद्याने प्रत्येक भागात मालकांच्या संघटनेला स्थानिक कौशल्य आराखडा करायला लावला आणि कॉलेजांना तो विचारात घेणं भाग पाडलं. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य समिती असते, तिने आराखडा करायचा असतो, केंद्राच्या संकल्प या कौशल्य प्रकल्पातून त्याला जोरही मिळाला, पण त्या आराखड्याने आयटीआयतलं एक युनिट (ट्रेडची तुकडी) बंद करून दुसरं सुरू करता येईल एवढा अधिकार त्याला नाही.

२००७-०८ पासून पीपीपी म्हणजे सरकारी-खासगी भागीदारीच्या योजनेत देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज मिळालं आणि उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली संस्था व्यवस्थापन समिती म्हणजे आयएमसी नेमली गेली. जिथे अध्यक्ष स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन बघणारा निघाला तिथे त्या पैशाचं काहीतरी झालं, बाकी ठिकाणी बैठकीचं इतिवृत्त झालं. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या योजनेत १,००० आयटीआय हब आणि स्पोक पद्धतीने, म्हणजे एका मुख्य आयटीआयला आजूबाजूच्या जोडून, सुधारायच्या आहेत, खर्च ६०,००० कोटी, त्यातले १०,००० कोटी उद्योगांकडून अपेक्षित.

दरम्यान २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यासाठी पोरांना जर्मन भाषा शिकवायची ठरली. म्हणजे सांगली-साताऱ्याच्या इलेक्ट्रिशियनसाठी आता तिथल्या स्टुटगार्टचा मालकही रांगेत आहे, आणि तो ७,००० देणार नाही.