कॅमेरन घराण्याची कागदपत्रे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका वकिलाचे आणि त्याच्या मळेवाल्या सोयऱ्यांचे दप्तर. तीस हजारांहून अधिक कागदांचा हा संग्रह चॅपल हिल येथील विद्यापीठाच्या ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’मध्ये आहे. पत्रे, खरेदीखते, मृत्युपत्रे, कोर्टाचे कागद, दुकानाच्या खतावण्या असे सारे काही त्यात आहे.

वकिली डंकन कॅमेरनची (१७७७–१८५३), जमीन मुख्यतः सासुरवाडीची. व्हर्जिनियात जन्मलेला हा पाद्र्याचा मुलगा हिल्सबरो गावी वकिलीला बसला. पुढे न्यायाधीश झाला, बँकेचा अध्यक्षही झाला. १८०३ मध्ये त्याने रिबेका बेनेहन हिच्याशी लग्न केले. तिचे वडील रिचर्ड बेनेहन हे मूळचे दुकानदार. व्यापारात कमावलेला पैसा त्यांनी जमिनीत आणि गुलामांत घातला व स्टॅगव्हिलचा मळा उभा केला. रिबेकाचा भाऊ टॉमस अविवाहित राहिला. १८४७ मध्ये तो वारल्यावर त्याची मिळकत भाचा पॉल कॅमेरनकडे आली. १८६० च्या सुमारास या घराण्याकडे सुमारे ३०,००० एकर जमीन आणि जवळपास ९०० गुलाम होते.

संग्रहाचे खरे मोल मालकांच्या पत्रव्यवहारापेक्षा गुलामांच्या याद्यांत आहे, असे म्हणायला हरकत नाही. कोणाला घोंगडी दिली, कोणाला बूट, कोणत्या बाईला कधी मूल झाले, याची नोंद मालमत्तेचा हिशेब म्हणून ठेवली गेली. मुलाच्या नावापुढे आईचे नाव आले ते मायेपोटी नव्हे. मूल गुलाम की स्वतंत्र, हे कायद्याने आईवरूनच ठरे. पण अशा नोंदी एकापुढे एक लावल्या की आजोबांचे नाव नातवाला ठेवलेले दिसते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबे उभी राहतात. १९७० च्या दशकात इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी गुलामांच्या कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास करताना हीच वाट धरली. त्याच स्टॅगव्हिलमधील हॉर्टन ग्रोव्ह या गुलामवस्तीच्या धुराड्यांच्या विटांवर कच्च्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे अजून दिसतात. ते कोणाचे, हे मात्र कुठल्याच यादीत नाही.

याद्यांतली कुटुंबे एकत्र राहिलीच असे नाही. १८४४ मध्ये पॉलने ११४ जणांना अलाबामातल्या नव्या मळ्यावर धाडले. मेरी वॉकर ही डंकनच्या घरातली गुलाम स्त्री. १८४८ मध्ये मालकाच्या मुलीच्या औषधोपचारासाठी कुटुंब फिलाडेल्फियाला गेले असता ती तिथून निसटली. आई आणि मुले मागे राहिली. पैसे देऊन त्यांना सोडवून घेऊ द्यावे, अशी विनंती करणारे तिच्या हितचिंतकाचे १८५९ चे पत्र या दप्तरात आहे. तिची मुले तिला भेटली ती १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपल्यावर.